आमच्याकडं सगळे वयानं गेले

माझ्या सासरच्या माणसांनी मला फसवलं नाही. फसवलं असेल तर सोपाननानांनी फसवलं. तसं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलंही. तेव्हा ते जराही न बिचकता म्हणाले, "सूनबाई, म्या एक शबूद तरी खोटा बोललो का, तेवढं सांगा." मी आठवून पाहिलं. खरंच नव्हते बोलले. "मुलगा शब्दाचा पक्का आहे," असं ते माझ्या वडिलांना म्हणाले होते. लग्न होऊन उत्रोलीला आल्यावर कळलं, की आमचे हे दिवसाकाठी एखादाच शब्द बोलतात आणि तो मात्र पक्का असतो. "घर हवेशीर आहे" म्हणजे मागची भिंत बांधायची राहिली होती. "सासूचं घरात बारीक लक्ष असतं" हे तर इतकं खरं होतं, की मी भाजीत मीठ टाकलं की ओसरीवरून आवाज यायचा, "पुरे."

सोपाननाना आमचे शेजारी. भाताची खाचरं, दोन म्हशी आणि सोयरिकी जमवण्याचा नाद, एवढा त्यांचा पसारा. मध्यस्थ म्हणून त्यांनी पोटभर जेवणाशिवाय कुणाकडून काही घेतलं नाही, पण जेवण मात्र दोन्ही बाजूंचं घ्यायचे. उंच, वाळकी काठी. पांढरी टोपी कपाळावर इतकी खाली, की ती भुवयांवर टेकलेली. एसटीत ते बसले की शेजारच्याला पहिला प्रश्न, "गाव कंचं?" दुसरा, "मामाचं गाव?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत तो माणूस त्यांच्या मावसबहिणीच्या जावेचा पुतण्या निघायचा आणि पुढच्या थांब्यावर नाना त्याच्याकडे जेवायला उतरायचे. भोंगवलीपासून मार्गासनीपर्यंत असं एकही घर नसेल जिथं नानांना पाट मांडला गेला नाही.

आपल्या कामाचं त्यांचं एक तत्त्व होतं. "झाकायचं न्हाई, सावरायचं." डोक्यावरचा पदर घसरला की बाई कशी सावरून घेते, तसं. मुलगा बेकार असेल तर तो "घरच्या शेतीत लक्ष घालतो". मुलगी भांडखोर असेल तर "तिला अन्याव खपत न्हाई". आणि मेलेली माणसं सावरण्यात तर नानांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका नवरदेवाचा चुलता पिऊन विहिरीत पडला होता. नानांनी मुलीकडच्या लोकांना सांगितलं, "त्यांनी शेतावरच देह ठिवला." ऐकणाऱ्यांनी हात जोडले. दुसऱ्या एका घरी मुलीचा बाप चाळिशीतच गेलेला. नाना म्हणाले, "वयानं गेले." कुणीतरी विचारलं, चाळिशीत वयानं कसं? नानांनी गुडघा चोळला. नवीन वाक्य जुळवताना ते नेहमी गुडघा चोळायचे. "आता ज्येचं त्येचं वय असतंया," ते म्हणाले, आणि बैठक पुढं सरकली.

हसू नका. आमच्याकडं असंच चालतं. घरात कुणाला मोठा आजार झाला की माणसाची काळजी अर्धी आणि लग्नाच्या पोरींची काळजी अर्धी. घराण्यात अमुक आहे, एवढी कुजबुज पुरते. म्हणून मोठ्या आजाराचं नाव घरातसुद्धा घेत नाहीत. माझी भोरमध्ये रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. तिथं लोक रिपोर्ट नेताना माझ्याकडं असे बघतात, जसा काही तो आजार मीच त्यांच्या बाटलीत घातला.

नानांचे धाकटे भाऊ बबनराव. त्यांच्या पाठीत दुखायला लागलं, मग डोळे पिवळे झाले, अंगावरचं मांस उतरलं. पुण्याला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर. हा अवयव पोटात मागच्या अंगाला, जठराच्या आड बसलेला असतो, त्यामुळं त्याचं दुखणं लवकर कळून येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, एवढी वरसं ह्यो आमच्या पोटात ऱ्हातुया आन् आमाला त्येचं नाव बी ठावं न्हाई." अनोळखी माणूस घरात सापडावा तसा त्यांना त्या अवयवाचा राग आला होता. बबनराव गेले. गावात नानांनी सांगितलं, "कावीळ झाली." डोळे सगळ्यांनीच पाहिले होते, तेव्हा यातही खोटं काही नव्हतं.

बबनरावांच्या डॉक्टरांनी निघताना एक सांगितलं होतं, की सख्ख्या भावंडांनी एकदा जोखीम तपासून घ्या. पुण्यातच एका मोठ्या दवाखान्यात त्यासाठी वेगळा विभाग होता. नाना जाणार नव्हतेच. पण मी मागे लागले, कारण मला त्यातलं थोडं कळत होतं आणि ज्यांना अर्धवट कळतं ती माणसं जास्त मागे लागतात. शेवटी भात झोडून झाल्यावर नाना माझ्याबरोबर निघाले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. मुलगी बघायला निघाल्यासारखे.

तिथं केतकी मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कोरा कागद घेतला आणि चौकोन, गोल काढायला लागल्या. पुरुष चौकोन, बाई गोल. नवरा-बायको आडव्या रेघेनं, मुलं उभ्या रेघेनं. नाना खुर्चीच्या टोकावर आले. आपला सगळा धंदा असा कागदावर मांडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. माझ्या कानात म्हणाले, "पोरगी आमच्याच लायनीतली हाय की."

इथंच घोटाळा झाला. बबनरावांचे कागद मी नेले होते, त्यामुळं त्यांचा चौकोन मॅडमनी काळा रंगवला. मग त्यांनी विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?"

नानांनी गुडघा चोळला. "वयानं."

"किती वय होतं?"

"आता काय सांगू. पिकलेलं पान."

"आजोबा?"

"ते बी वयानं. जेवले, हात धुतला, आन् पडल्या पडल्या गेले."

"आजी? आत्या? चुलते?"

सगळे वयानं. सगळे जेवून. एक चुलते तर नानांच्या सांगण्याप्रमाणं देवाचं नाव घेत, स्वतःच्या पायांनी अंथरुणावर जाऊन गेले. मॅडमचा पेन हळूहळू थांबला. "म्हणजे तुमच्या घरात बाकी कुणालाच कधी काही झालं नाही?"

"न्हाई," नाना ताठ बसून म्हणाले. "घर निरोगी हाय. निर्व्यसनी हाय. खाऊन-पिऊन सुखी हाय." मग जरा पुढं वाकून, "मॅडम, तुमचं गाव कंचं? लगीन झालंय का?"

मॅडम हसल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. ही तपासणी सरसकट सगळ्यांची करत नाहीत. तिचा उपयोग ज्यांची जोखीम मोठी आहे त्यांनाच होतो. एकाच रक्ताची जवळची दोन माणसं या आजारानं गेली असतील तर बाकीच्यांनी पन्नाशीच्या आसपास सुरुवात करून दरवर्षी पोटाची तपासणी करून घ्यायची, म्हणजे काही उगवलं तर बारीक असताना सापडतं. "तुमच्याकडे एकच माणूस दिसतो, त्यामुळे दरवर्षीच्या तपासणीची गरज आज तरी वाटत नाही. रक्ताची जनुक-चाचणी हवी तर करू. आणि विडी-तंबाखू बंद." नाना निर्व्यसनी घराण्यातले असल्यामुळं त्यांनी कनवटीची तंबाखूची डबी सदऱ्याखाली आणखी आत सारली. चाचणीला "पुढल्या टायमाला" म्हणाले आणि बाहेर आले ते लग्न ठरवून आल्यासारखे.

परतीच्या वाटेवर मात्र ते बोलले नाहीत. एसटीत शेजारी एक वेल्ह्याचे गृहस्थ बसले होते. नानांनी त्यांना गावसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, दमले असतील.

दिवाळीला नानांची बहीण माहेरी आली. हिराबाई, मार्गासनीला दिलेली. आम्ही सगळे त्यांना हिराआत्या म्हणायचो. ठेंगणी, तोंडानं फटकळ, नानांना एकेरीत बोलणारी जगातली एकटी बाई. नानांनी एखादं वाक्य सावरून टाकलं की ही मागून म्हणणार, "दादा, नीट सांग." पण या वेळी आत्यांचं अंग इतकं उतरलं होतं की चोळी खांद्यावरून ओघळत होती. नानांनीच त्यांना माझ्याकडं पाठवलं. रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली. ज्या बाईला आजवर मधुमेह नव्हता, जी रोज डोंगर चढून गुरांमागं जाते, तिला अचानक साखर आणि सोबत वजन उतरलेलं. साखर काय, हल्ली घरोघरी असते. पण केतकी मॅडमनी जाता जाता हे एक सांगितलं होतं, की या आजाराची चाहूल कधी कधी अशीही लागते.

मी नानांना लॅबमध्ये बोलावून तेवढंच सांगितलं. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, बहुतेक साधी साखरच असेल, तुमच्या घरात एकच तर माणूस आहे.

नाना रक्त काढायच्या स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच बघत होते. कपाळ पांढरंफेक होतं.

"येक न्हाई," ते म्हणाले. "आबा बी."

आबा म्हणजे त्यांचे वडील. तेही पिवळे पडून, पाठीच्या दुखण्यानं, काही महिन्यांत गेले होते. पुण्याच्या डॉक्टरनं थोरला मुलगा म्हणून एकट्या नानांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, की पोटात मागं त्या अमुक ठिकाणी गाठ आहे. नानांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. हिराचं मार्गासनीला ठरत होतं. नाना घरी आले आणि म्हणाले, कावीळ आहे. त्यांनी सावरलेलं ते पहिलं मरण. ते इतकं बेमालूम सावरलं गेलं, की हिराचं लग्न झालं, आणि सगळ्यांना वाटलं, सोपानला हे काम चांगलं जमतं.

"मग दवाखान्यात तरी सांगायचं होतं, नाना." मी चिडलेच होते.

"तोंडात बसलंय, सूनबाई. त्या पोरीनं कागुद फुडं ओढला आन् मला वाटलं बैठकच बसलीया. आपसूक निघालं." ते खरंच हताश झाले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वापरलेली जीभ ऐन वेळी त्यांच्याच घरावर उलटली होती.

आता आत्यांना लगेच पुण्याला न्यायला हवं होतं. नानांनी त्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, "येडा का खुळा? सुप्रियाचं ठरतंय आन् म्या मोठ्या दवाखान्याच्या दारात उभी ऱ्हाऊ? कुणी बघितलं तर? लगीन हुदे. मग बघू." सुप्रिया ही बबनरावांची मुलगी, शिरवळच्या कंपनीत कामाला. तिला भोंगवलीचं स्थळ आलं होतं, नानांनीच आणलेलं. सुपारी चार दिवसांवर, पण लग्न उन्हाळ्यात. म्हणजे आत्या उन्हाळ्यापर्यंत थांबणार. आणि थांबणं हीच तर या आजाराला हवी असलेली गोष्ट. मी समजावलं, आमचे हेसुद्धा समजवायला आले, म्हणजे "जा" म्हणाले. आत्या ढिम्म. पोरीची सोयरीक माझ्यापायी मोडायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

सुपारीच्या दिवशी भोंगवलीचे पाहुणे टेम्पो भरून आले. बबनरावांच्या अंगणात जाजम अंथरलेलं. नवरदेवाचे वडील जयसिंगराव मध्यभागी, मिशीवरून हात फिरवत. आत बायका, दारात हिराआत्या नवं लुगडं नेसून. पोहे झाले. सुपारी ताटात आली. आणि नाना उठून उभे राहिले. मध्यस्थ या वेळी दोन गोड शब्द बोलतोच, म्हणून सगळे माना वर करून बसले.

"सुपारी फुटायच्या आदी येक सांगायचं ऱ्हायलं," नाना म्हणाले. "आमचा बबन काविळीनं न्हाई गेला. त्येला पोटाचा कॅन्सर हुता. आमचे वडील बी त्यानंच गेले. आमच्या घरात त्यो हाय. आमची हिरा उद्या पुण्याला तपासाय जाणार हाय आन् तिच्यासंगं मी बी."

गुडघ्याला हात न लावता नाना इतकं बोलल्याचं मी प्रथमच पाहत होते. इथं त्यांनी खाली बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची बांधलेली गाठ सुटली होती आणि त्यांना थांबता येईना. "पोरगी सुट्टीच्या दिशी दहापातुर झोपती. भाकरी गोल व्हत न्हाई. ह्या घराचं पत्रं म्होरच्या अंगाला गळत्यात, आज कोरडं हाय म्हणून तुमाला दिसलं न्हाई." आतून सुप्रियाच्या आईचा "नाना" असा कळवळलेला आवाज आला. नानांनी दम घेतला आणि पाहुण्यांकडं वळले. "हे झालं आमचं. आता तुमच्याकडचं सांगतो. जयसिंगराव, तुमचे चुलते—"

"राहू द्या, राहू द्या," जयसिंगराव घाईघाईनं उठले. "चहा आणा कुणीतरी."

"न्हाई, येका बाजूचं सांगून कसं चालंल—"

"नाना, बसा." हे चार-पाच जण एकदम म्हणाले, दोन्ही बाजूंचे. मला वाटतं त्या अंगणात असा एकही माणूस नव्हता ज्याच्या घरातलं एखादं मरण नानांच्या पोटात नव्हतं. प्रत्येकजण आपली पाळी कितवी ते मोजत होता. नवरदेवाच्या मामांनी तर नानांच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या तोंडात स्वतः पेढा कोंबला. सुपारी फुटलीच नाही. पाहुणे "विचार करून कळवतो" म्हणून टेम्पोत बसले. त्यांनी काय कळवलं असेल हे तुम्हाला माहीत आहे.

हिराआत्यांनी पाहुणे वळणावरून दिसेनासे होईपर्यंत दम धरला. मग ओट्यावर येऊन नानांसमोर उभ्या राहिल्या. "मोडलंस?"

"मोडलं," नाना म्हणाले. "आता तुला थांबायला कारन न्हाई. सकाळच्या एसटीनं निघायचं."

आत्यांचा संताप मावळला नव्हता, पण दुसऱ्या दिवशी त्या एसटीत बसल्या. खिडकीकडं तोंड करून. माझ्याशी बोलल्या, नानांशी नाही.

केतकी मॅडमनी जुना कागद काढला. नानांनी या वेळी सगळं सांगितलं; आजोबा, आत्या, चुलते, ज्याला जसं मरण आलं तसं. ते देवाचं नाव घेत गेलेले चुलते प्रत्यक्षात शेजाऱ्याला शिव्या देताना गेले होते. मॅडमनी विचारलं, "नाना, मागच्या वेळी हे का नाही सांगितलंत?"

"मागल्या टायमाला तुमची-आमची वळख न्हवती."

मॅडमनी आबांचा चौकोन काळा करायला घेतला. नाना त्या पेनाकडं बघत राहिले. चौकोन पुरता भरेपर्यंत बघत राहिले आणि मग म्हणाले, "बास. एवढंच हुतं." हिराआत्या कागदाकडं बघत नव्हत्या, भावाकडं बघत होत्या.

दोघांचीही एमआरआय ठरली. आत्यांची बिनबोभाट झाली. नानांची मात्र पुरी होईना. यंत्रातून सूचना येते, "श्वास घ्या, रोखून धरा." नाना बोगद्यातून अदबीनं म्हणायचे, "व्हय जी." झालं, श्वास सुटला, चित्र हललं. पुन्हा सूचना, पुन्हा "व्हय जी." यंत्रवाला तरुण बाहेर येऊन म्हणाला, "काका, उत्तर द्यायचं नाही." नाना म्हणाले, "आवो, मानूस येवढं सांगतोय आन् आपुन गप पडायचं, बरं दिसतं का?" त्याला सांगून पाहिलं, की ते रेकॉर्डिंग आहे, माणूस नाही. नानांचा विश्वास बसला नाही, कारण आवाज मराठी होता. शेवटी मी काचेबाहेरून तोंडावर बोट ठेवून उभी राहिले तेव्हा कुठं ते पार पडलं. बाहेर आल्यावर त्यांनी त्या तरुणाला त्याचं गाव विचारलं आणि माफी मागितली.

नानांच्या पोटात काही नव्हतं. आत्यांच्या चित्रात स्वादुपिंडावर बारीकसं काहीतरी दिसलं. तोंडातून दुर्बीण घालून, आतून सोनोग्राफी करून डॉक्टरांनी तुकडा काढला. भीती होती तेच निघालं. पण लहान होतं, जागच्या जागी होतं, आणि काढता येण्यासारखं होतं. उन्हाळ्यापर्यंत थांबला असतात तर असं म्हणता आलं नसतं, असं सर्जन म्हणाले.

आत्या आजही मार्गासनीला आहेत. ते दिवस सोपे गेले नाहीत. मोठं ऑपरेशन, मग केमोथेरपी, आता जेवणाआधी गोळ्या आणि रोज इन्सुलिन. पण परवाच मी त्यांचं रक्त घेतलं तेव्हा त्यांनी मला सुई नीट टोचता येत नाही असं सुनावलं. त्यांच्या रक्ताच्या चाचणीत घराण्यात उतरणारा दोष सापडला. मग नानांची तीच चाचणी केली. त्यांच्यात तो नव्हता. मला वाटलं, हे ऐकून नाना पेढे वाटतील. ते एवढंच म्हणाले, "ज्यानं लपिवलं त्येलाच सोडलं व्हय." सुप्रियानंही चाचणी करून घेतली. निकाल काय तो तिचा तिला आणि तिच्या नवऱ्याला माहीत आहे. नवरा तिनं शिरवळला स्वतःच जमवला. नानांना मध्यस्थ म्हणून नाही, नुसतं जेवायला बोलावलं होतं, आणि बोलायचं नाही असं बजावून.

नानांच्या सोयरिकी त्या बैठकीनंतर जवळजवळ बंद पडल्या. पाट मांडले जात, पण जेवण झालं की लोक त्यांना लवकर निरोप द्यायचे. त्यांना त्याचं वाईट वाटायचं, ते वाटतं असं बोलूनही दाखवायचे. गेल्या पावसात लावणीच्या चिखलात उभे असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं. फार चांगला माणूस होता. मला त्यांचा राग यायचा, आणि आता घरासमोरून जाताना त्यांची आठवण आली नाही असा दिवस जात नाही.

पण ते डोळ्यांसमोर येतात ते आत्यांच्या ऑपरेशनच्या सकाळचे. आत्यांना ट्रॉलीवरून आत नेत होते. अंगावर हिरवा झगा, हातात बांगडी नाही. नाना बाजूनं चालत होते, आत्यांचं मंगळसूत्र रुमालात बांधून मुठीत धरलेलं. दारापाशी वॉर्डबॉय थांबला. आत्या इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नानांशी बोलल्या.

"दादा, आबांचं तुला कवापासनं ठावं हुतं?"

मला वाटलं आता गुडघ्याकडं हात जाणार. नाही गेला.

"पहिल्यापासनं," नाना म्हणाले. "तुझी सुपारी फुटायच्या आदीपासनं."

"बबनला सांगितलं न्हाईस?"

"न्हाई."

आत्यांनी नजर छताकडं वळवली. "म्या त्येच्या उशाला बसले हुते शेवटाला," त्या म्हणाल्या. "मला सारखा इचारायचा, अक्का, हे मला कुठनं आलं गं?"

वॉर्डबॉयनं दार उघडलं. ट्रॉली हलली तसा आत्यांनी हात बाहेर काढला आणि नानांच्या सदऱ्याची बाही ओढली. "वयनीनं डबा दिलाय न्हवं? उपाशी बसू नगंस. खाऊन घे." मग दार मिटलं.

नाना बाकावर येऊन बसले. रुमाल खिशात ठेवला, वरून दाबून पाहिला. मी म्हटलं, नाना, नंतर खाल्लंत तरी चालेल. त्यांनी मान हलवली. बहिणीनं सांगितलं होतं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि तिथं सगळ्या लोकांदेखत, हुंदके देत, सगळी भाकरी खाल्ली.